पहिला बाबांचा

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खोलीही चांगली उबदार आहे. रविवारी यीस्ट घालून पॅनकेक केले. पीठ काही केल्या फुगेना, मग पातेलं तुझ्यासारखं माझ्या पांघरुणात गुंडाळलं, तेव्हा टम्म फुगलं. माप मात्र सवयीने चौघांचं घेतलं गेलं.

पहिला तव्याला चिकटून फाटला. आपल्याकडे फाटलेला पहिला बाबांचा, म्हणून मी तो ताटलीत बाजूला काढून ठेवला. बाकीचे जाळीदार, हलके झाले. जेवण उरकलं तरी ताटली तशीच होती. शेवटी तोही मीच खाल्ला, गार.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, पहिलाच सगळ्यात चविष्ट असतो, हे ते इतकी वर्षं धादांत खोटं सांगत आले.

तुझी,
धाकटी