बदली बाई

२० मार्च

आले बाई एकदाची! चौथा मजला, लिफ्ट बंद, दोन्ही हातांत पिशव्या. पण दार उघडलं आणि सगळा शीण पळाला. उजेडाचं घर आहे. पुढची खोली, आजोबांची खोली, स्वयंपाकघर, आणि खिडकीतून खाली थेट फाटक दिसतं. पेशंट म्हणजे हे आजोबा. अंगावरून वारं गेलंय, उजवी बाजू लुळी, वाचा बसलेली. डोळे मात्र असे बोलके की विचारू नका. डाव्या हातात चमचा असतो. काही हवं असलं की पलंगाच्या दांडीवर एकदा आपटायचा, नको असलं की दोनदा. आमचं चांगलं जमणार असं दिसतंय.

मुलगा परदेशात असतो. फोनवर सूचनांचा पाऊस पाडला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! म्हणाला, आधीची मावशी चार्ज न देताच निघून गेली. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. आमच्या कामात एक वेळ बाकी सगळं चालेल, हे नाही. बदली बाई आली की तिला पेशंट दाखवायचा, औषधं, खाणं, सवयी, खोड्या सगळं तोंडाने सांगायचं, ॲप्रन आणि किल्ली द्यायची, 'सांभाळा आता' म्हणायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. एक गोष्ट सांगायची राहिली तरी चार्ज पूर्ण झाला नाही असं धरतात. आम्हाला कामावर पाठवणाऱ्या ब्यूरोच्या ताईंनी हे आमच्याकडून घोकून घेतलंय. आणि ही बया पलंगाजवळच्या खुर्चीवर ॲप्रन टाकून चालती झाली. चपला अजून दाराशीच आहेत तिच्या. अनवाणी गेली की काय कोण जाणे.

आठवड्याभराचं तर काम. तोवर घरी माझी भिंगरी शेजारच्या काकूंकडे जेवेल, रात्री काकू आमच्याकडे सोबतीला झोपतील. ही वही लेकीनेच दिलीय, शाळेच्या वहीची उरलेली पानं शिवून. रोज लिही, आलीस की मी वाचणार, असा हुकूम आहे. दुसरीत आहे, पण सासू शोभेल. तिच्या दम्याचा नवा पंप आणून ठेवलाय, तो कुठे ते काकूंना सांगायचं घाईत राहिलं. जुना आहे तोवर काळजी नाही. उद्या फोनवर सांगते.

२४ मार्च

बसा आता! सगळं बंद. गाड्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खालच्या मजल्यावर कुणी आजारी निघालं म्हणून आमच्या फाटकाला साखळी लागली. वॉचमन सामानाची पिशवी जिन्यात ठेवतो आणि धूम ठोकतो, जसं काही मी चावणारच आहे. ब्यूरोच्या ताई म्हणाल्या, बदली पाठवता येणार नाही, आहात तिथेच राहा.

भिंगरी फोनवर रडली नाही. वेणी कोण घालणार, एवढंच विचारलं. मीच रडले, फोन ठेवल्यावर. आणि पंपाचं पुन्हा राहिलं. दरवेळी फोन ठेवला की आठवतं, काय हा विसरभोळेपणा.

३० मार्च

सकाळी आजोबांना पुसून काढायचं, पाठीला पावडर, थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर जखमा होतात. भरवायचं, तोंड पुसायचं. मग भांडी, फरशी, आणि खिडकी. खिडकीतून फाटक आणि त्याची साखळी. भिंतींशी बोलायची वेळ आलीय माझ्यावर.

म्हणून संध्याकाळी एक गंमत केली. आमची बदलीची वेळ झाली, बदली तर येणार नाही, तेव्हा रिकाम्या खुर्चीलाच बदली बाई केलं. या बाई, बसा, किती हा उशीर, म्हणत ॲप्रन तिच्या पाठीवर टाकला, औषधं सांगितली, कूस कशी बदलायची ते सांगितलं. आजोबांना हसू येईल वाटलं होतं. त्यांनी चमचा दोनदा आपटला. थांबून परत दोनदा. म्हातारबुवांना काही विनोद झेपला नाही.

४ एप्रिल

आता रोजचंच झालंय. आजोबांचं सांगून संपलं की घरचं सांगत बसते. भिंगरीची वेणी घालताना भांग मधोमध नको, कडेने. दूध कोमट, साय काढून. झोपताना पाठीवर बोटाने अक्षरं काढायची, ती ओळखता ओळखता झोपते. घाबरली की स्वतःच्या कानाची पाळी चोळते, तेव्हा काही न विचारता जवळ घ्यायचं. खुर्ची ऐकून घेते बिचारी, मध्ये बोलत नाही. असं ऐकणारं माणूस मला जन्मात भेटलं नव्हतं.

आज रंगात आले आणि दाराची किल्लीही खुर्चीवर ठेवली. म्हटलं, सांभाळा आता. आजोबांनी चमचा इतक्या जोरात आपटला की हातातून उडाला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मलाच लाज वाटली, आजारी माणसासमोर कसले हे पोरखेळ.

५ एप्रिल

किल्ली सापडत नाही. पलंगाखाली, गादीखाली, पिठाच्या डब्यातसुद्धा पाहिलं. काल झोपण्याआधी दाराला आतून कुलूप घातल्याचं मला पक्कं आठवतं, आणि ते तसंच लागलेलं आहे.

माझ्या चपला नाहीत. आधीच्या मावशीच्या आहेत तिथेच.

खुर्चीची उशी हाताला गरम लागली. ऊन पडलं असेल. पण त्या बाजूला ऊन येत नाही.

६ एप्रिल

भिंगरीला फोन केला तर ती खुदकन हसली. म्हणाली, आई, तू आत निजलीयस ना, मग फोन कुठून करतेस?

पाचावर धारण बसली माझी. विचारत गेले तसं ती सांगत गेली. आई काल आली, चालत. तोंडाला फडकं बांधलंय, जेवतानाही सोडत नाही, बाहेर आजार आहे ना. वेणी छान घातली, भांग कडेने. रात्री पाठीवर अक्षरं काढली. मी ओरडले, काकूंकडे पळ, दार लावून घे. ती म्हणाली, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन बंद झाला.

काकूंना लावला. काकू उलट माझ्यावरच वैतागल्या. सकाळी जिन्यात मला हात केलास, आता फोनवर कसली थट्टा करतेस, म्हणाल्या. तू आलीस म्हणूनच मी माझं दार लावून घेतलंय, माझंही वय झालंय बाई.

दाराला खांदा दिला, खुर्चीने ठोकलं, सुरीने खरवडलं. दार ढिम्म.

७ एप्रिल

खिडकीतून वॉचमनला हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर. त्याने वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. मग मान वळवली आणि पुन्हा विडी ओढत बसला. बादली फेकली खाली. बादली पाहिली, आभाळाकडे पाहिलं, उचलून बाजूला ठेवली.

ब्यूरो — ताई नुसतं हॅलो हॅलो करतात. पोलीस — तेच. मला सगळ्यांचं ऐकू येतं. माझं कुणाला नाही.

फक्त आजोबांना येतं. माझा हात धरून ठेवला आज बराच वेळ. मी विचारलं, आधीची मावशी गेलीच नव्हती ना? चमचा एकदा. खुर्चीत होती? एकदा. आता नाही? एकदा.

खुर्चीच्या खेळाच्या पहिल्या दिवसापासून मला सांगत होते हो बिचारे. मी हसत होते.

८ एप्रिल

विचार केला. तिने फडकं का सोडलं नाही? तोंड अजून पुरतं झालं नसेल. चार्ज पूर्ण कुठे झालाय! एक गोष्ट मी सांगितलीच नाही. पंप. तो कुठे आहे ते फक्त मला माहीत आहे. म्हणजे अजून मीच आई. जीभ तोडून टाकीन, पण खुर्चीला सांगणार नाही. लॉकडाऊन काय जन्मभर राहणार आहे? कुणीतरी येईलच, दार उघडेलच. कळ काढायची.

आजोबांना विचारलं, बरोबर ना? चमचा हलला नाही.

९ एप्रिल

भिंगरीने फोन उचलला. खोकतेय. तो खोकला मी झोपेतही ओळखते — शिट्टीसारखा, आतून. म्हणाली, कोण आहे, आणि मग कुणाला तरी, आई, जुना पंप संपला, नवा कुठंय?

माझ्या आवाजात उत्तर आलं. आठवत नाही गं राणी.

मी फोनमध्ये किंचाळले, माळ्यावर, माळ्यावर बघ. ती म्हणाली, कोणी बोलतच नाही.

काकू — हॅलो, हॅलो. पुन्हा काकू. पुन्हा. डॉक्टर. कुणाला ऐकू —

खोकला वाढतोय. ती कानाची पाळी चोळत असेल. देवा, नऊ महिने पोटात —

खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आता माझ्याकडे आहे.

वाट बघतेय.

१० एप्रिल

सांगितलं.

समोर बसून, हात जोडून. माळ्यावर, मोठ्या पातेल्यात, निळ्या पिशवीत. आधी हलवायचा. तोंडात धरून एकदा दाबायचा, श्वास रोखायला लावायचा, मग दुसऱ्यांदा. पाठ चोळायची. ओरडायचं नाही तिच्यावर, कधीच. झालं. काही राहिलं नाही. सांभाळा आता.

आजोबांनी चमचा आपटला नाही. डोळे मिटून घेतले.

फोन कानाशी आहे. भिंगरीने उचलून तसाच ठेवलाय, चालूच. माळ्यावरचं पातेलं वाजलं. पंपाचा आवाज, एकदा — दुसऱ्यांदा —

खोकला थांबला. श्वास घेतेय माझी पोर. घेतेय.

हसली. म्हणाली, आई, फडकं सोडलंस! किती दिवसांनी तोंड दिसलं तुझं.

ॲप्रन माझ्या अंगावर आहे. मी घातला नव्हता. पलंगावर बसले होते, आता खुर्चीत — उठता येत नाही —

भिंगरे, ही वही तू वाचणार होतीस ना, तर —

तिकडून माझाच आवाज विचारतोय, कुणाचा गं फोन? आणि भिंगरी सांगतेय, कुणाचा नाही गं आई, कुणीतरी नुसतंच रड