चाकामागचा दगड

१४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, असं सवयीने लिहिलं. खुशाल कोणी नाही. तुझे भावोजी पलंगावर आहेत, डाव्या पायात सळई आहे आणि दुसरं ऑपरेशन व्हायचंय. महिनाभर सलून बंद आहे. लोकांचे केस बसून कापता येत नाहीत.

तू पाठवलेला विम्याचा अर्ज वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. ‘गाडी हँडब्रेक लावून उभी होती. जखमी इसम तिला रेलून ढकलत होता.’ इसम! लग्नाच्या सकाळी ज्यांनी तुझी दाढी केली, ते आता इसम झाले? आणि खाली साक्षीदार म्हणून मी सही करायची. लिहिताना हात कसा रे अडखळला नाही तुझा?

हे गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड झटकायला बाहेर गेले होते. दारासमोरच्या उतारावर लावलेल्या तुझ्या गाडीकडे पाठ करून, रोज झटकतात तिथेच. गाडी मागे घरंगळली ती थेट ह्यांच्या पायावर. तुझा हँडब्रेक वर्षभर धरत नाही. “ताई, एका दगडावर भागतंय की,” म्हणायचास आणि चाकामागे दगड सरकवायचास. आता कंपनी म्हणते, चूक जखमीचीच असेल तर भरपाई नाही. खरं लिहिलंस तर कंपनी उलट तुझ्याकडून वसूल करेल, हीच भीती ना? त्यासाठी ह्यांचा पाय गेला तरी चालेल तुला?

महिनाभर मी तुला शिव्या घालते आहे. मोठ्याने, ह्यांना ऐकू जातील अशा.

पण एक गोष्ट मी गिळून बसले होते. त्या दिवशी वाऱ्याने सलूनचं दार आपटत होतं आणि ह्यांचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर होता. हाताशी तुझाच दगड दिसला. क्षणभर म्हणून काढला आणि दाराला लावला. गाडी हलली नाही, म्हणून मी आत गेले, आणि विसरले.

नंतर तू विचारलंस, “ताई, दगड कुठे गेला?” मी म्हणाले, “मला काय माहीत!” आणि तुझ्यावरच ओरडले. ओरडणाऱ्या बाईला पुढचं कोणी विचारत नाही.

काल ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे वळले.

अर्ज सही न करता परत पाठवते आहे. पुढच्या सोमवारी कंपनीचा माणूस जबाब घ्यायला येणार आहे. दगडाचं मी सांगणार आहे. ब्रेकचं तू येऊन सांग. नाही आलास तर तेही मीच सांगेन, आणि मग या दारात गाडी लावू नकोस.

दगड काढणारी,
तुझी ताई