निळ्या खडूच्या खुणा

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा पुस्तकबांधणी, आज दुपारची झोप पुरी करून, संपूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीनं माझ्या मागे काय कोणाचं व्हावं ते लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. वकीलबाई एवढंच म्हणाल्या की मोजकं लिहा, आणि तेच मला जन्मात जमलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते कादंबरीचं पान समजावं.

कलम १. माझ्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. खोल्या तिनं विकल्या तरी माझी हरकत नाही. मात्र चार वाजता उन्हाची एक पट्टी भिंतीवरून उतरून कामाच्या टेबलावर येते, ती विकण्याआधी तिनं एकदा शांत बसून बघावी. त्या उजेडात कागदाची धूळ अशी तरंगते की आपण जागे आहोत की नाही ते कळत नाही. माझं निम्मं लेखन तिथेच झालं.

कलम २. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, सुया, टोचे आणि घडी घालायची हाडाची पट्टी समोरच्या छापखान्यातल्या मशीनवाल्याला द्यावी. पट्टी माझ्या अंगठ्याच्या आकाराची झिजली आहे, त्याला सवय होईपर्यंत त्रास देईल.

कलम ३. रद्दीचा तराजू त्याच छापखान्याच्या मालकाला द्यावा. मी कादंबरी लिहितोय हे कळल्यावर त्यानं चारचौघांत विचारलं होतं, "वजनाला किती भरेल?" आता त्यानं स्वतः बघावं. मी राग धरून बसलेलो नाही, फक्त विसरलेलो नाही.

कलम ४. आता ज्यासाठी हा कागद करायला घेतला ते. माझी अपुरी कादंबरी माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. ती कपडे शिवते. आमची आईही शिवायची.

कादंबरीत एक बाई शेजारणीची छत्री परत द्यायला दुपारी घराबाहेर पडते आणि गल्ली लांबत जाते. प्रत्येक खिडकीत तिची दोन मुलं दिसतात, एकीत रांगणारी, पुढच्या खिडकीत शाळेला निघालेली, त्यापुढे केस पिकलेली. ती सगळ्यांना "आलेच हं" म्हणते आणि चालत राहते. पंधराव्या प्रकरणात ती गल्लीच्या टोकाशी पोचते आणि तिथे माझा हात थांबला. आमची आई गेली तेव्हा मी दुकानात शाळेच्या वह्या बांधत होतो. इस्पितळात तिच्या उशाशी बहीण होती. शेवट तिला माहीत आहे, मला नाही.

सहा वर्षांपूर्वी मी कच्चा खर्डा सुटाच, न बांधता, तिला वाचायला दिला. माझ्याखेरीज तो वाचणारी ती पहिलीच. महिन्याभरानं चौदा प्रकरणं फडक्यात बांधून परत आली. पंधरावं तिनं कपडे बेतायच्या तपकिरी कागदात वेगळं गुंडाळलं होतं. माझी पन्नास वर्षांची सवय अशी, की टेबलावर आलेला कागद आधी दोन्ही बाजूंनी पुसायचा, मगच चष्मा लावायचा. तसंच केलं. पुसायच्या फडक्यावर निळसर धूळ आली. म्हटलं, हिच्या घरी डाळतांदळावरही खडू बसत असेल. चष्मा लावला तर समासात एक अक्षर नाही.

मी तिला फोन केला. "वाचायचा कंटाळा होता तर तसं सांगायचं."

"दादा, सगळं वाचलं. म्हणायचं ते तिथंच केलंय."

"मला काही दिसत नाही."

"मग चष्मा बदल," म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. तपकिरी पुडकं मी रागानं फळीवर टाकलं. गेल्या महिन्यात या कागदपत्रांसाठी आवराआवर करताना ते उघडलं. पानापानावर निळ्या खडूच्या खुणा होत्या. माणसाच्या अंगावर जायचं ते शाईनं खराब करायचं नाही, ही आईची शिकवण. खुणाही तिच्याच, लहानपणी आम्हा दोघांना शिकवलेल्या. सरळ रेघ म्हणजे इथे काप. नागमोडी म्हणजे घट्ट होतंय, सैल कर. शेवटच्या वाक्याखाली दोन फुल्या होत्या, म्हणजे इथे कच्चा धागाच घाल, अंगावर घालून बघू, मग पक्कं करू.

चौदा प्रकरणांवर बहीण जे बोलली ते मी स्वतःच्या हातानं पुसलं. पानं उन्हात तिरकी धरून पाहिली. काही उमटलेलं नाही. ही चूक माझी, संपूर्ण माझी, आणि ती इथे कायदेशीररीत्या कबूल करतो. तिची माफी मागायला मला मृत्युपत्र लागावं याची लाज वाटते.

कलम ५. वरची चार कलमं लिहून मी हा कागद आधी बहिणीकडेच वाचायला पाठवला. वकीलबाईंना ते पसंत नव्हतं. काल तो परत आला. या वेळी मी आधी चष्मा लावला. तराजूच्या कलमाला नागमोडी रेघ आहे, तरी ते तसंच राहील. माफीच्या ओळीवर सरळ रेघ आहे, म्हणजे ती ओळ काप म्हणते. तीही राहील. आणि "बहिणीला मिळावी" याच्याखाली दोन फुल्या आहेत.

मी फोन केला. "हे पक्कं का नको?"

"तू गेल्यावर ती पानं घेऊन मी काय करू? रविवारी घेऊन ये. आई शेवटी काय म्हणाली ते सांगते. बसतं का बघू."

सबब कलम ४ची अंमलबजावणी माझ्या मरणाची वाट न बघता उद्यापासून सुरू होईल.

वकीलबाई स्वच्छ प्रत मागतात. ती मिळणार नाही. हाच कागद खरा धरावा, आणि तो कोणीही झटकू नये.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा चहावाला (सही)
२. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)
बहीण वारस असल्यानं तिला साक्षीदार होता येत नाही. खडूचा ठसा तेवढा तिचा.

ठिकाण: कामाचं टेबल, चारच्या उन्हात
दिनांक: ९ मार्च, शनिवार
सही: दादा, बाइंडर