डुकराचं हसरं डोकं आणि माझी पॉलिसी

१० ऑक्टोबर
बाजारावरचं नवं छप्पर झालं. उद्घाटन २५ ला, महिनाअखेर दुकानदार संघटनेची निवडणूक. उद्घाटन झोकात झालं की मी, प्यो मान-सू, पुन्हा अध्यक्ष. पॉलिसी ठरवली: समारंभ पूर्ण निधर्मी. नुसती फीत कापायची. धर्म ज्याने त्याने घरी ठेवावा.
(२५ ला भुतंखेतं सुट्टीवर असतात म्हणे. हे मी सहज विचारलं होतं. तारीख शनिवार म्हणून घेतली.)

११ ऑक्टोबर
मीटिंगमध्ये पॉलिसी जाहीर केली. सगळे गप्प. मी ती संमती धरली. मग मासळीवाल्याने विचारलं, डोकं कुठे मांडायचं? म्हटलं, मांडायचंच नाही. तर तो भडकलाच. साधी हातगाडी घेतली तरी माणूस उकडलेल्या डुकराचं डोकं मांडतो, वाकतो, त्याच्या तोंडात नोट खोचतो. आणि एवढ्या छपराला काहीच नाही? पहिल्या वाऱ्याला उडेल, वर गिऱ्हाईकही घेऊन जाईल.
चर्चवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे विहारवाले समजले मी चर्चचा. घरी बायको म्हणाली, अहो, इतकी वर्षं मी चर्चला चला म्हणते तेव्हा तुमचे गुडघे दुखतात, आणि आज तुम्ही आमचे पुढारी?
गैरसमज आहे. निवळेल.

१३ ऑक्टोबर
गैरसमज निवळला नाही. आता चर्चवालेही चिडलेत, कारण फीत कापण्याआधी पाद्रीसाहेबांच्या प्रार्थनेलाही मी नाही म्हटलं.
माबाई दुकानात आल्या. त्या डुकराची डोकी विकतात आणि दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसतात. त्यांना विचारलं, हे तुम्हाला जमतं कसं? म्हणाल्या, मी विकते, वाकत नाही. वाकणारे वाकतात. यात जमायचं काय? वर म्हणाल्या, अध्यक्षसाहेब, तुम्ही जरा कमी विचार करा.
बाई साध्या आहेत. त्यांना प्रश्नाची खोली कळत नाही.

१५ ऑक्टोबर
तोडगा सापडला. तांदळाच्या पिठाचं डोकं! डुक्कर आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नुसता खाऊ. आमचं दुकान तांदळाच्या वड्यांचंच, म्हणजे घरचंच काम. बायको म्हणाली, एक ना धड, भाराभर चिंध्या. पण तयार झाली. लोक हसरंच शुभ मानतात, म्हणून ते हसरं हवं, हे तिला तीनदा बजावलं.

१९ ऑक्टोबर, रविवार
चर्चला गेलो. केवळ जनसंपर्क. पाद्रीसाहेबांनी ‘आज आलेला नवा जीव’ म्हणून मला उभं केलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. प्रार्थनेला डोळे मिटलेच होते, म्हणून देवाला निवडणुकीचं सांगून टाकलं.

२० ऑक्टोबर
समतोल हवा, म्हणून विहारात. बुद्धापुढे लोटांगणं घातली. एकशे आठ घालायची असतात. गुडघे मध्येच संपले. विहारात टांगायच्या कागदी दिव्याला नवसाची चिठ्ठी बांधतात, तिच्यावर ‘बाजाराचं भलं’ लिहिणार होतो, पण जागा कमी. माझंच नाव लिहिलं.

२५ ऑक्टोबर
पिठाचं डोकं वाफेवर बसलं. ओठ खाली आले. टेबलावर मांडलं तर चक्क रडत होतं. मासळीवाला म्हणाला, नव्या छपराखाली रडकं डुक्कर? हा तर शाप झाला. अर्धी माणसं घरी निघाली.
मी निवेदन वाचायला घेतलं, तेवढ्यात माबाईंनी दुकानातून खरं डोकं आणलं. गालात हसणारं. पहाटेच उकडून ठेवलं होतं. पाद्रीसाहेबांनी आधी प्रार्थना केली आणि कोपऱ्यावर चहाला गेले. भिक्खूंनी चार पावलं लांबून मंत्र म्हटले. मग वाकणारे वाकले, न वाकणारे पानं मांडत राहिले. पाद्री चहा पिऊन आले, तोवर माबाई डोकं कापायला सुरी पाजळत होत्या. मला कोणी काही विचारलं नाही. मी कात्री घेऊन उभा. फितीने कोणीतरी वड्यांचे डबे बांधले होते.
कोणाचंच लक्ष नाही असं पाहून मी डोक्यापुढे वाकलो आणि कानात एक नोट खोचली. तोंडात जागा नव्हती. वळलो तर पाद्री, भिक्खू, मासळीवाला आणि बायको रांगेत बघत होते. मी बुटाची नाडी बांधत होतो, असं सांगितलं. बायको म्हणाली, तुमच्या बुटांना नाडी नाही.

३१ ऑक्टोबर
मासळीवाल्याने ऐनवेळी माबाईंचं नाव सुचवलं. चर्च आणि विहार, दोन्हीकडून हात वर. चिठ्ठ्या टाकल्या. मला दोन मतं. एक माझं.
दुसरं अर्थात बायकोचं. गहिवरलो. येताना तिच्यासाठी भाजलेली रताळी आणली. ती रताळं सोलून खात म्हणाली की तिने माबाईंना मत दिलं. देवाशप्पथ. आणि ती देवाची खोटी शपथ घेत नाही.

१ नोव्हेंबर
सकाळी माबाई संघटनेच्या किल्ल्या न्यायला आल्या. बसल्या, चहा घेतला. म्हणाल्या, ते दुसरं मत माझं होतं. स्वतःलाच मत द्यायला कसंसंच वाटलं.
मी मान डोलावली. म्हटलं, हो ना, तसं वाटतंच.