एका करवंटीतला घोट

सोमवार, ५ एप्रिल १९५४

पनवेलच्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो! बाजारातल्या हॉटेलात आपल्यासाठी ठेवलेला कप तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. कान तुटलेला. बाहेरच्या फळीवर पालथा घातलेला. चहा वरून ओततात. आपण पितो, आपणच विसळतो, आपणच पुन्हा पालथा घालतो. आणि दाम मात्र आतल्या गिऱ्हाइकाइतकाच मोजतो.

— इस्टरच्या उपदेशाची सुरुवात अशी करायची. आधी जखमेवर बोट. मग विषय: माणसाची देवाशी सहभागिता, आणि त्याला परत मिळालेला अधिकार.

मुद्दा मनात लख्ख आहे. आदामाच्या बागेत संध्याकाळच्या वाऱ्याला देव माणसाबरोबर फिरत असे. पृथ्वीवरचा अधिकार त्या सोबतीतून आला होता, वेगळा हातात ठेवला नव्हता. माणूस झाडांमागे लपला, सोबत तुटली, आणि अधिकार त्याच क्षणी गेला. चोराने नेला नाही, हातातून गळला. ख्रिस्ताने तो परत दिला, पण कसा? आधी जेवायला बसवून. मगच पाठवून.

या इस्टरला पांडू आणि त्याची माणसे पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार: प्रभूच्या नावाने मोडलेली एक भाकर, सगळ्यांत फिरणारा एक प्याला. नेऱ्याच्या पुढल्या वाडीवरचे कातकरी. पावसाळा सरला की रोडपालीच्या वीटभट्टीवर राबतात. नाताळात बाप्तिस्मा झाला. आज शिकवणीला बसले होते. मी विचारले, "पांडू, प्रभुभोजन म्हणजे काय, सांग बघू."

"त्यात काय नाय कलन्यासारखं," म्हणाला. "आमच्या वाडीत दोघं झगडले ना, का मोठा मानूस एक करवंटी भरतो. दोघांनी तिच्यातनंच प्यायचं. सगल्या वाडीनं प्यायचं. मंग करवंटी पालथी घालायची. झगडा मेला. देवाचा नि आमचा झगडा व्हता. त्यानं करवंटी भरली."

"करवंटीत असतं काय रे, ताडी?"

"ताडी असली तर ताडी. नायतर पानी. पन पानी बरं. ताडी असली का झगडा सकाली परत जिता व्हतो."

त्याची बायको चिंधी पदराआड हसली. मी मात्र हसलो नाही. कपाट भरून पुस्तके वाचली आहेत या विषयावर. इतके नेमके कुठे लिहिलेले नाही. हे उपदेशात घ्यायचे.


गुरुवार, ८ एप्रिल

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांची सभा. विषय: पांडूच्या माणसांनी आमच्या प्याल्यातून प्यावे की नाही.

दादू मास्तरांनी तोंड उघडले. एस.टी. स्टँडजवळ त्यांचे शिवणकामाचे दुकान. मंडळीत त्यांचा शब्द माझ्यापेक्षा जड. म्हणाले, "पाळकसाहेब, मी जातीचं बोलत नाही. मी खोकल्याचं बोलतोय. एकच प्याला तोंडोतोंडी फिरवायचा. तो भट्टीवरचा माणूस, छातीत धूर..."

"तुमच्या छातीत विडीचा धूर आहे, मास्तर. इतकी वर्षं तुमच्यानंतर मंडळी पितेच आहे की."

मंडळीतल्या गंगाबाई म्हणाल्या, "पण ते उंदीर खातात हो."

माझी पत्नी दमयंती चहा घेऊन आली होती. ट्रे खाली न ठेवता म्हणाली, "गंगाबाई, तुमच्याकडे सुके बोंबील भाजतात तेव्हा समोरच्या आळीतली माणसं काय म्हणतात, सांगू का?"

हशा झाला. दादू मास्तर हसले नाहीत. सगळे उठल्यावर मागे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, तुम्ही सभेत वाचलेली ती कपाची सुरुवात ऐकली. बदला. माझा कप आता बाहेर नसतो. दिवाळीपासून हॉटेलवाला मला आत बसवतो. बाकावर. लहानपणी माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, कोपरावरून ओघळायचं. आत बसायला माझी पन्नाशी उलटली. कातकऱ्यांच्या उष्ट्या प्याल्याची गोष्ट बाजारात गेली की मी पुन्हा फळीशी. माझी पोरंसुद्धा. तुम्ही बदली होऊन जाल. आम्हांला इथेच राहायचंय."

याला माझ्याकडे तोडीस तोड वाक्य होते. मी चहाचे रिकामे कप गोळा करू लागलो.

मग तोडगा त्यांनीच काढला. मुंबईच्या मोठ्या मंडळ्यांत आता ज्याचा त्याला काचेचा छोटा पेला देतात. सगळ्यांना सारखा. कुणाचे उष्टे कुणाला नाही. "भेद नाही, वाद नाही," म्हणाले. "आणि नाहीच जमलं, तर अर्धी मंडळी घरी बसेल. इस्टरच्या दिवशी."

मी हो म्हटले.

सगळ्यांना सारखा. यात चूक काय आहे?


शनिवार, १० एप्रिल

पेल्यांसाठी मुंबईला निरोप गेला. मोरा बंदरावरच्या लाँचने येतील. मंडळी फुटली नाही. देवाचे आभार मानले. प्रार्थनेत शब्द सापडत नव्हते — मला!


मंगळवार, १३ एप्रिल

पेले आले. भुशात गुंडाळलेले, अंगठ्याएवढे. दमयंती धूत होती. म्हणाली, "डोळे धुवायला दिसतात."

तेवढ्यात पांडू आला. पळसाच्या पानांच्या द्रोणात मध घेऊन. ओट्यावर टेकला. पेल्यांची रांग पाहून म्हणाला, "पोरांचा खेल हाय का?"

मी सांगितले. सविस्तर सांगितले. मुंबईची पद्धत, आरोग्य, सगळ्यांना सारखेपणा. म्हणालो, द्राक्षरस एकच, भाकर एकच, पेला हे नुसते भांडे. चांगले बोललो. सभेत बोलतो तसे.

त्याने सगळे ऐकून घेतले. एक पेला उचलून उजेडाकडे धरला.

"तुमी इतकी वर्सं एकाच प्याल्यातनं पीत व्हते ना, पाळकसायेब?"

"हो."

"तवा आमी भायेर व्हतो."

"हो."

"आमी आत आलो, नि प्याला मोडला?"

मी म्हणालो, "मोडला नाही रे. तो कपाटात आहे."

त्याने पेला जागच्या जागी ठेवला, रांग मोडू न देता. "मंग झगडा मिटला नाय आजून," एवढेच म्हणाला. रागाने नव्हे. वीट ओली आहे, भट्टीत घालू नका, असे सांगावे तसे. दमयंतीने चहा पुढे केला. आमच्याच कपात. म्हणाला, "नको बाय. आज नको."

मध ठेवून गेला.

दमयंतीने भांडी फार आवाज करत घासली.


शुक्रवार, १६ एप्रिल. उत्तम शुक्रवार.

तीन तास उपासना. क्रुसावरच्या तहानेवर बोललो. उरणहूनही माणसे आली होती. बायका रडल्या. गंगाबाई तर ओक्साबोक्शी.

मागच्या सतरंजीवर पांडू, चिंधी, वाडीची सारी माणसे होती. पांडू रडला नाही. माझ्याकडे बघत होता.

अजून दोन दिवस आहेत. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात आहे.


रविवार, १८ एप्रिल. इस्टर.

उपदेश असा झाला नव्हता कधी. कपाची सुरुवात मी गाळली. दादू मास्तरांसाठी. बागेपासूनच उचलले. देव माणसाला शोधत फिरतो, हाक मारतो. पुनरुत्थित प्रभू सरोवराच्या काठावर विस्तव करून थकल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. म्हणालो, सैतानापुढे ताठ उभे राहण्याचा अधिकार हवा असेल तर आधी बापाच्या मेजाशी मांडी घालून बसा! प्रार्थनामंदिर दणाणले. "हालेलुया" घुमत राहिले.

मागची सतरंजी रिकामी होती.

मी पाहिले होते. पहिल्या गीतापासून पाहत होतो. तरी बोलत राहिलो.

पेले ट्रेमधून फिरले. ज्याने त्याने आपापला उचलला, मान खाली घातली, रिकामा केला, ठेवला. आवाज आला तो फक्त काचेचा. पूर्वी प्याला हातातून हातात देताना माणसे एकमेकांकडे बघत. गंगाबाई नेहमी शेजारणीचा हात क्षणभर धरत. आज कुणी कुणाकडे पाहिले नाही. पाहायची गरजच नव्हती.

वाडीच्या माणसांचे पेले भरलेले तसेच उरले. आशीर्वाद मागितलेला रस ओतून टाकत नाहीत. पाळकाने तो संपवायचा, असा आमच्या मंडळीचा नियम. सगळे गेल्यावर मेजाशी उभे राहून मी ते एकेक प्यालो. पांडूचा. चिंधीचा. तिच्या म्हाताऱ्या सासूचा. काळ्या मनुका भिजवून केलेला रस, दमयंतीनेच केलेला. गोड होता.




मंगळवार, २० एप्रिल

दमयंतीशी भांडण. दोन दिवस साचले होते.

मी म्हणालो, "मंडळी फुटू दिली असती का मी?"

"फुटली नाही का मग? मागची सतरंजी मंडळीत धरत नाही वाटतं तुम्ही."

"दादू मास्तरांची भीती खरी आहे. त्यांनी सोसलंय ते तू..."

"खरीच आहे. म्हणून त्यांच्या शेजारी बसून धीर द्यायचा होता. तुम्ही त्यांना पेले दिलेत." मग पदराने हात पुसत म्हणाली, "वीस वर्षं ऐकतेय. अधिकार, अधिकार. विंचू तुडवायचा अधिकार, सैतानाला हाकलायचा अधिकार. एक प्याला पुढे करायचा होता तुम्हांला. तेवढा अधिकार वापरवला नाही."

मी बाहेर पडलो, तळ्याला फेरी घातली. चालता चालता माझेच वाक्य माझ्यावर उलटले. आदाम झाडांमागे लपला. मी पेल्यांमागे.

आणि अधिकार? मंदिर दणाणले म्हणून तो माझ्याकडे आहे असे मी धरून चाललो होतो. दणाणणे म्हणजे अधिकार नव्हे. तो सोबतीबरोबर येतो आणि सोबतीबरोबर जातो. हे मीच शिकवतो. पांडू उठून गेला तेव्हाच माझा गेला असेल.


शनिवार, २४ एप्रिल

दादू मास्तरांच्या दुकानी गेलो. मशीनवर होते. मी उभ्यानेच सांगितले, यापुढे प्याला एकच राहील. मी आधी पिणार नाही, पांडूनंतर पिईन.

मशीन थांबले नाही. "मग मी वडील राहणार नाही."

"तुम्ही राहावं असं मला वाटतं."

"साहेब, तुम्हांला वाटण्याने काय होतं? मागच्या शनिवारी असं येऊन सांगितलं असतंत तर भांडलो असतो तुमच्याशी. कदाचित हरलोही असतो. तेव्हा तुम्ही गप बसलात. आता ते गेले, आणि तुम्हांला शौर्य आलं." दोरा दातांनी तोडला. "ते काही परत यायचे नाहीत. आमच्यासारखे नसतात ते. आम्ही फळीवरचा कपसुद्धा घेतला. ते घेत नाहीत."

शेवटचे वाक्य बोलताना त्यांचा आवाज बदलला. त्यात हेवा होता, असे मला वाटते.

परत आलो. उद्याचा उपदेश लिहायला बसलो. हरवलेल्यांना परत कसे आणावे. पांडूला काय निरोप पाठवावा. मंडळीचे दार त्याच्यासाठी पुन्हा कसे उघडावे. पाने लिहिली.


रविवार, २५ एप्रिल. सकाळी.

पाने फाडली.

चिंधी आली होती, एकटीच, भल्या सकाळी चालत. ओट्यावर बसली. दमयंतीच्या हातचे पाणी प्यायली आणि सांगू लागली. इस्टरच्या दिवशी पांडूने वाडीला गोल बसवले. प्रार्थना केली. भाकरी मोडली. करवंटी भरली, पाण्याने. सगळे प्यायले. म्हातारी सासूसुद्धा, जिने सुनेशी वर्षभर अबोला धरला होता.

मी विचारले, "मग घातली पालथी? मिटलं तुमचं?"

"नाय ना, पाळकसायेब. कशी घालनार? झगड्यातला मानूस आला नाय तर त्याचा घोट तलाशी ठेवायचा आसतो. तवर करवंटी उताणीच ऱ्हाते. रोज सकाली मी शिलं पानी वतते नि ताजं भरते." मग जरा संकोचून म्हणाली, "पांडू म्हनला, सांग त्यांना. तुमचा घोट हाय. शिंप्याचा पन हाय. उंदरावाल्या बायचा पन." सभेतले बोलणे वाडीपर्यंत पोचले होते.

मी त्यांना परत आणायला निघालो होतो. आणि बाहेर आम्ही आहोत! मेज मांडलेले आहे, वाट आमची पाहिली जाते आहे.

मंदिराची घंटा झाली. दादू मास्तर आले आहेत. आत येत नाहीत. पायरीवर उभे आहेत. दमयंतीने त्यांना घोटाचे सांगितले. तेव्हापासून हॉटेलच्या दिशेला पाठ करून उभे.

आजचा उपदेश एवढाच:

बंधुभगिनींनो, प्रभूचे मेज आज इथे नाही. उठा, चपला घाला आणि माझ्याबरोबर पांडूच्या वाडीवर चला.