पाकिटातली साल

३ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागले! महिनाभराच्या बोलीवर. आनंदानं दोन रात्री झोप नाही. घोडं अडलंय ते सोलण्यावर. मुख्य आचारी मी काढलेली साल उजेडात धरतात आणि म्हणतात, अर्धं सफरचंद बादलीत गेलं. वीस तारखेला परीक्षा. साल पातळ निघाली तर कायम, नाहीतर घरी.

दुकानातली सगळ्यात महाग सुरी घेतली, तरी ये रे माझ्या मागल्या. तुझा जन्म शिवणकामात गेला, हाताचं तुला कळतं. सोबत एक साल पाठवतेय. हसू नकोस.

तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.
भिंगरी

८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

साल पोचली. खाऊ समजून काका तोंडात टाकणार होते. पोटभर हसले, मग चष्मा लावला. एक कड जाड, दुसरी पातळ, आणि शेवटपर्यंत तशीच. हात चुकला तर साल कुठेही जाड होते. ही नेमानं चुकली आहे, म्हणजे दोष सुरीचा. पातं उजेडात धरून बघ. धार एकाच बाजूनं लावलेली असेल, उजव्या हातासाठी. तू माझ्यासारखी डावरी.

कात्रीनं मला असंच छळलं होतं. वेंधळी म्हणून शिंप्याच्या पहिल्या दुकानातून काढलं. मग उजव्या हातानं कापायला शिकले आणि चाळीस वर्षं तसंच कापलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुझं तसं होऊ द्यायचं नाही.

ती सुरी परत कर. साधी, स्वस्त घे. धार दोन्ही बाजूंनी, पातं बोटाएवढं. मूठ ओल्या हातात धरून बघ, फिरता कामा नये. दुकानदार बघेना का.

जीव लागून राहिलाय, कळव.
तुझी मावशी

२१ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आचाऱ्यांनी साल उजेडात धरली, तर पलीकडची खिडकी दिसली. मग माझा एप्रन कायमच्या लोकांच्या खुंटीला अडकवला. मी भांडी घासायच्या मोरीपाशी जाऊन नाचले.

दुकानदारानं कुरकुरत सुरी बदलून दिली. उरलेल्या पैशांत तुझ्यासाठी एक वस्तू घेतली, पार्सलात आहे. डाव्या हातात धर.

अशीच पाठीशी राहा.
भिंगरी

२९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कात्री पोचली. डाव्या हातात धरली आणि खडूच्या रेघेवरून टोकापर्यंत गेले, एकदाही न थांबता. काकांना तीनदा दाखवलं. रडलेही थोडी.

सोबत कापडाची पट्टी आहे. उजेडात धर आणि दोन्ही कडा बघ. मी वेंधळी नव्हते गं.

तुझी मावशी