कोपऱ्यातल्या जागेचा लढा

४ फेब्रुवारी, सकाळ
मानवजातीच्या ऱ्हासाला आज पावणेदहा वाजता सुरुवात झाली. मी साक्षीदार आहे. चौकातल्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यातल्या माझ्या जागेवर, एक नारिंगी प्लास्टिकचा कोन उभा होता. रस्ता खणताना ठेवतात तसला. बावीस वर्षं तिथे माझी गाडी असते. जागेवर माझं नाव लिहिलेलं नाही, पण सूर्यावरही कुणाचं नाही. हॉर्न वाजवला. कोन ढिम्म. शेवटी उचलून डिकीत टाकला. पुरावा म्हणून.
पार्किंगवाला धावत आला. साहेब, तो मोजणीवाल्यांचा आहे, माझ्या सहीवर दिलाय, हरवला तर माझा पगार कापतील, म्हणाला. म्हटलं, बाबा, पुराव्याला हात लावू नकोस.

दुपार
चौकशी केली. नगरपालिका पार्किंगच्या जागी तीन मजली इमारत बांधणार. तीही जुन्या वस्तीत, जिथे खिडकीला रंग द्यायचा तरी वारसा समितीच्या पाया पडावं लागतं. खाली दुकानं, वर रॅम्प, आणि प्रत्येक गाडी रिव्हर्सने लावायची. शिसारी आली. रिव्हर्सचा मुद्दा गौण आहे. फक्त नोंद करून ठेवतोय.

संध्याकाळ
ही म्हणाली, तुम्हाला रिव्हर्स येत नाही, म्हणून हा तमाशा. चूक. येतो. मी घेत नाही. माझ्या जागेला दोन बाजू मोकळ्या आहेत, एकीकडून सरळ शिरायचं, दुसरीकडून सरळ निघायचं. याला मी शिस्त म्हणतो. ही याला काय म्हणते ते लिहीत नाही.

११ फेब्रुवारी
संकल्प. उद्यापासून पहाटे उठून जुन्या वास्तूंचा अभ्यास. जमल्यास रिव्हर्सचा सराव. गरज म्हणून नव्हे, व्यायाम म्हणून.

१२ फेब्रुवारी
पहाट झाली म्हणे. मला कुणी कळवलं नाही.

२० फेब्रुवारी
नगरपालिकेत इमारतीचं मॉडेल पाहिलं. काँक्रीटचा खोका आणि त्याला पुढून चिकटवलेल्या कमानी. कवळी लावलेला माणूस हसावा तसं दिसतं. इंजिनिअर म्हणाला, हेरिटेज लुक आहे. हा शब्द ज्या तोंडातून निघाला ते धुऊन घ्यायला हवं. चहा कागदी कपात, चवही कागदाचीच. बिस्किट मऊ. ज्यांना बिस्किट कुरकुरीत ठेवता येत नाही ते इतिहास काय सांभाळणार?

२ मार्च
सापडलं! माझ्याच दुकानात. फोटोफ्रेमचा धंदा वडिलांपासूनचा, आणि त्यांनी स्वतः फ्रेम केलेला चौकाचा जुना फोटो गल्ल्यामागे इतकी वर्षं टांगलेला. दगडी फरसबंदी, पायऱ्यांवर निवांत बसलेली माणसं, वर मोकळं आकाश. खोका नाही, कमानी नाहीत. इंजिनिअरचं तोंड बंद करायला एवढं पुरे.
हिला दाखवला. म्हणाली, यात एकही गाडी दिसत नाही. म्हटलं, तेव्हा कमी होत्या.

१४ मार्च
वारसा समितीपुढे सुनावणी. मी चाळीस मिनिटं बोललो. अध्यक्ष बाई डोळे मिटून ऐकत होत्या, म्हणजे तल्लीन. मग इंजिनिअर उठला आणि म्हणाला, या गृहस्थांना चौकाशी देणंघेणं नाही, यांना फक्त तो कोपरा हवाय. किती हीन पातळी. बाईंनी मागे उभ्या असलेल्या पार्किंगवाल्याला विचारलं, यांना तोच कोपरा का लागतो? माझ्या जागेवर कुणी गाडी लावली की माझी गाडी तोच आत-बाहेर करतो. मला घाम फुटला. हॉल फार कोंदट आहे.
तो म्हणाला, साहेबांना तिथली सावली आवडते.
तिथे सावली नाही. बावीस वर्षं त्या आवारात काढून माणसाला एवढंही माहीत नसावं. बाहेर पडताना म्हणाला, कोनाचे पैसे पगारातून कापले. म्हटलं, विजयानंतर बघू.

२१ मार्च
बाईंना फोटो फ्रेमशिवाय पाहायचा होता. त्यांना धंद्यातलं सांगितलं: फ्रेमच्या आत जाड कागदाचं माउंट असतं, ते फोटोची कड चारी बाजूंनी बोटभर झाकतं. पूर्ण फोटो कुणी बघतच नाही. प्रभावित झाल्या. मग मीच, त्यांच्या टेबलावर, खिळे काढले, माउंट उचललं.
खालच्या कडेला, माझ्या कोपऱ्याच्या बरोबर जागी, एक दगडी पाटी निघाली. ‘चौकात गाड्या उभ्या करू नयेत.’
बाईंनी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्याने. बैलगाड्यांबद्दल असावं, असं मी सुचवलं.

९ एप्रिल
विजय! तीन मजली इमारत रद्द. निकालाच्या पहिल्याच पानावर माझे आभार. इंजिनिअरचा चेहरा त्याच्या बिस्किटासारखा झाला. दुसरं पान सावकाश वाचतो.

१० एप्रिल
दुसरं पान वाचलं. चौक फोटोत आहे तसाच करणार. फरसबंदी, पायऱ्या, आणि गाड्यांना बंदी. पाटीसुद्धा नव्याने कोरून मूळ जागी बसवणार. पार्किंग नाल्यापलीकडे.
हिने माझे चालायचे बूट पुसून दाराशी ठेवले. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल
नाल्यापलीकडचं पार्किंग. वास असा की नाकाने राजीनामा द्यावा. सगळ्यांनी गाड्या रिव्हर्सने लावलेल्या, मेंढरं. मी सरळ लावली. संध्याकाळी काढायला गेलो तर मागे खांब, शेजारी टेम्पो, आणि टेम्पोत बसून बघणारी माणसं. गाडीला तिथेच विश्रांती द्यायचं ठरवलं. चालणं तब्येतीला चांगलं.

२ मे
चालत दुकानात. गाडी अजून विश्रांती घेते आहे.
चौकात पार्किंगवाला भेटला. आता गाड्या अडवायला नेमलाय. म्हणाला, दगडी पाटी येईपर्यंत त्या कोपऱ्यात कोन ठेवायला सांगितलंय, पण कोनच नाही.
दुकानात गेलो. डिकीतून केव्हाच इथे आणलेल्या कोनावर फ्रेमचे नमुने टांगले होते, ते काढले. कोन पुसला आणि नेऊन माझ्या जागेवर उभा केला. जरा वाकडा वाटला, सरळ केला.
त्याने विचारलं, साहेब, गाडी कुठे? सांगितलं. किती दिवस झाले तेही सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, ड्यूटी सुटली की काढून आणतो, किल्ली द्या.
किल्ली दिली. तिच्याबरोबर, घडी करून, त्याचे कापलेले पैसेही. त्याने न मोजता खिशात टाकले.
ऊन कडक होतं. त्या कोपऱ्यात सावली कधीच नव्हती.